कंटेनरमधला राऊटर: ‘सपोर्टेड’ लिहिलेलं फीचर नेमकं कोण चालवतं?



एम.एस्सी. झाल्यावर नेटवर्किंगमध्ये पीएचडी करायचं मनात असलेले विद्यार्थी मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात. “ताई, आमच्याकडे राऊटर दोनच, तेही जुने. मग प्रयोग करायचे कशावर?” प्रश्न रास्त आहे. इंटरनेट कंपन्या वापरतात त्या दर्जाचे दहा राऊटर विकत घेणं आपल्याकडच्या कॉलेजांना परवडणारं नाही.

याचं उत्तर गेल्या काही वर्षांत सोपं झालंय. राऊटरचं सॉफ्टवेअर आता कंटेनरमध्ये मिळतं. आठ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर दहा-पंधरा राऊटरचं नेटवर्क उभं राहतं. पण याच सोयीत एक फसगत लपलेली आहे. तुम्ही सॉफ्टवेअरच्या फीचर्सची यादी वाचता, त्यात बीजीपी, एमपीएलएस, ईव्हीपीएन, बीएफडी असं सगळं दिसतं, समोर ‘सपोर्टेड’ लिहिलेलं असतं, आणि त्या जोरावर तुम्ही सिनॉप्सिस लिहून टाकता. वर्षभराने आकडे हातात येतात तेव्हा कळतं की आपण मोजलं ते भलतंच.

म्हणून आज ही यादी कशी वाचायची ते बघू. एकच प्रश्न पक्का लक्षात ठेवा: हे फीचर प्रत्यक्षात कोण चालवतं? कंटेनरमधला प्रोग्रॅम, खालचा लिनक्स कर्नल, की हार्डवेअर?

आधी कंटेनर म्हणजे काय ते बघू

व्हर्च्युअल मशीनमध्ये पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम असते, तिचा स्वतःचा कर्नल असतो. कंटेनरमध्ये तसं नसतं. कंटेनर म्हणजे एकाच कर्नलवर चालणाऱ्या पण एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या प्रोसेस. नेटवर्कच्या बाबतीत हे वेगळेपण ‘नेटवर्क नेमस्पेस’मुळे येतं. २००८ च्या सुमारास लिनक्स कर्नलमध्ये ही सोय येऊ लागली. प्रत्येक नेमस्पेसला स्वतःचे इंटरफेस, स्वतःचं राउटिंग टेबल, स्वतःचे फायरवॉलचे नियम असतात. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि हे सगळं दोन-तीन कमांडमध्ये करता येऊ लागलं.

दोन कंटेनर जोडायला ‘व्हीईथ’ नावाची इंटरफेसची जोडी वापरतात. एका टोकाला टाकलेलं पॅकेट दुसऱ्या टोकातून बाहेर पडतं. ही आपली केबल. कंटेनरलॅबसारख्या साधनात कोणता राऊटर कुणाला जोडायचा हे एका वायएएमएल फाइलमध्ये लिहिलं की सगळं नेटवर्क एका दमात उभं राहतं.

आत चालवायला सॉफ्टवेअर बरीच आहेत. संशोधनासाठी सर्वांत सोयीचं एफआरआर, म्हणजे फ्री रेंज राउटिंग. जीएनयू झेब्रा १९९६ मध्ये सुरू झालं, त्यातून क्वाग्गा निघालं, आणि क्वाग्गातून फुटून एफआरआर झालं. २०१७ पासून ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. दुसरं बर्ड. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात १९९८ च्या सुमारास विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट म्हणून ते सुरू झालं आणि आज जगभरच्या इंटरनेट एक्स्चेंजवर रूट सर्व्हर म्हणून चालतं. कंपन्यांकडची म्हणाल तर ज्युनिपरचं सीआरपीडी, नोकियाचं एसआर लिनक्स. मायक्रोसॉफ्टने सुरू केलेल्या सोनिक या स्विचच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तर प्रत्येक सेवा वेगळ्या कंटेनरमध्ये असते आणि बीजीपीच्या कंटेनरमध्ये एफआरआरच असतं. म्हणजे कंटेनरमधला राऊटर ही फक्त प्रयोगशाळेतली गोष्ट राहिलेली नाही.

स्टँडवरचा कंट्रोलर आणि रस्त्यावरची बस

राऊटरमध्ये दोन कामं असतात. कोणत्या पत्त्याकडे कोणत्या बाजूने जायचं हे ठरवणं म्हणजे कंट्रोल प्लेन. आलेलं प्रत्येक पॅकेट त्या बाजूला ढकलणं म्हणजे डेटा प्लेन.

कोल्हापूरचं मध्यवर्ती एसटी स्टँड डोळ्यासमोर आणा. कंट्रोलर केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या मार्गाने जाणार ते ठरवतो, माईकवर सांगतो. प्रवासी मात्र बसने जातात, माईकने नाही. कंट्रोलर कितीही हुशार असला तरी डेपोत गाडीच नसेल तर पुण्याला कोणी पोचत नाही.

कंटेनरमधल्या राऊटरमध्ये कंट्रोलर असतो, बस बहुधा नसते. एफआरआरमध्ये बीजीपीचा प्रोसेस, ओएसपीएफचा प्रोसेस असे वेगवेगळे प्रोसेस मार्ग ठरवतात आणि झेब्रा नावाचा प्रोसेस ते मार्ग नेटलिंकमधून कर्नलच्या टेबलात लिहितो. पॅकेट पुढे ढकलतो तो कर्नल. सीआरपीडीचंही तसंच आहे: जुनोसमधला राउटिंगचा प्रोसेस तेवढा उचलून कंटेनरमध्ये ठेवलाय, फॉरवर्डिंग खालच्या लिनक्सकडे. एसआर लिनक्सच्या कंटेनरमध्ये स्वतःचा सॉफ्टवेअर डेटा पाथ आहे, पण तो शिकण्या-तपासण्यासाठी आहे, वेग मोजण्यासाठी नाही.

आता फीचर्सची यादी तीन रांगांत मांडून बघा.

पहिली रांग: फक्त प्रोग्रॅमचं काम

बीजीपी, ओएसपीएफ, आयएस-आयएस यांचे शेजारी जोडणं, मार्गांची देवाणघेवाण, रूट मॅप, कम्युनिटी, रूट रिफ्लेक्टर, आरपीकेआयने मूळ तपासणं हे सगळं इथे येतं. तुमच्या कंटेनरमध्ये हे जसं चालतं, तसंच कोड तोच असल्यामुळे खऱ्या नेटवर्कमध्येही चालतं. तुमचा संशोधनप्रश्न या रांगेत बसत असेल तर लॅपटॉप पुरेसा आहे. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. इंटरनेटवरच्या कितीतरी मोठ्या गडबडी याच रांगेतल्या आहेत. त्यातली एक आपण पुढे बघणारच आहोत.

दुसरी रांग: कर्नलच्या भरवशावर

व्हीआरएफ, एमपीएलएस, व्हीएक्सएलॅन, एसआरव्ही६, एकाच ठिकाणी जाणाऱ्या अनेक समान मार्गांवर ट्रॅफिक वाटणं हे सगळं कर्नल करतो. कर्नलमध्ये या गोष्टी टप्प्याटप्प्याने आल्या: व्हीएक्सएलॅन ३.७ मध्ये, एमपीएलएस फॉरवर्डिंग ४.१ मध्ये, व्हीआरएफ ४.३ मध्ये, एसआरव्ही६ ४.१० मध्ये.

इथली गोम नीट समजून घ्या. कंटेनरच्या इमेजमध्ये कर्नल नसतो. तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणीने अगदी तीच इमेज घेतली, तीच वायएएमएल फाइल घेतली, तरी दोघींचे निकाल वेगळे येऊ शकतात, कारण कर्नल ज्याच्या त्याच्या लॅपटॉपचा. विंडोजवर डब्ल्यूएसएल वापरत असाल तर कर्नल मायक्रोसॉफ्टने बांधलेला असतो; त्यात तुम्हाला हवी ती मोड्यूल्स असतीलच असं धरून चालू नका.

एमपीएलएसचं उदाहरण घ्या. एलडीपीचे शेजारी जोडले जातात, लेबलांची देवाणघेवाण होते, स्क्रीनवर सगळं छान दिसतं. पण होस्टवर एमपीएलएसची कर्नल मोड्यूल्स लोड केलेली नसतील, किंवा लेबलांच्या संख्येची कर्नलमधली मर्यादा मुळात असते तशी शून्यावरच राहिली असेल, तर एकही लेबल लावलेलं पॅकेट पुढे जात नाही. कंट्रोलर माईकवर गाडी लागल्याचं सांगतोय आणि फलाट रिकामा!

हे पकडायचं कसं? एफआरआरमध्ये राउटिंग टेबल बघताना प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला खुणा असतात. ‘>’ म्हणजे हा मार्ग निवडला. ‘*’ म्हणजे तो खाली कर्नलमध्ये बसला. पहिली खूण आहे आणि दुसरी नाही, असं दिसलं की थांबा. त्यानंतर कर्नलचं टेबल वेगळं उघडून दोन्ही ताडून बघा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

ईव्हीपीएन तर दोन रांगांत पाय ठेवून उभं आहे. कोणता मॅक पत्ता कुठे आहे ही माहिती बीजीपी नेतं, म्हणजे पहिली रांग. फ्रेम व्हीएक्सएलॅनमध्ये गुंडाळण्याचं काम कर्नल करतो, म्हणजे दुसरी. यादीत मात्र एकच ओळ असते.

तिसरी रांग: हार्डवेअरशिवाय अर्थ नाही

चिपचा फॉरवर्डिंगचा वेग, बफरची खोली, रांगांचं शेड्युलिंग, चिपच्या टेबलात किती मार्ग मावतात, अचूक वेळ जुळवणं यांपैकी काहीही कंटेनर तुम्हाला खरं सांगू शकत नाही. कंटेनरमध्ये ‘थ्रूपुट’ मोजलं तर तुम्ही तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर मोजलात. त्याला राऊटरचं थ्रूपुट म्हणून पेपरमध्ये लिहाल तर पहिलाच परीक्षक तो परत पाठवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

एक खरी घटना, सहा कंटेनर

१६ एप्रिल २०२१. व्होडाफोन आयडियाच्या, म्हणजे मुंबईत कॉर्पोरेट ऑफिस असलेल्या कंपनीच्या, एएस ५५४१० या नेटवर्कने तीस हजारांहून जास्त प्रीफिक्स स्वतःचेच असल्यासारखे जाहीर केले. प्रत्यक्षात ते जगभरातल्या इतर नेटवर्कचे होते. त्या वेळी जगाच्या बीजीपी टेबलात साधारण साडेआठ लाख आयपीव्ही४ मार्ग होते, त्यावरून तीस हजारांचा अंदाज घ्या. परिणाम असा की ज्या ट्रॅफिकचा या नेटवर्कशी काही संबंध नव्हता तो तिकडे वळला आणि आत येणारा ट्रॅफिक नेहमीच्या तेरा पटीपर्यंत गेला.

ही घटना तुम्हाला घरी अभ्यासता येते. पाच राऊटर घ्या: चूक करणारा, त्याला इंटरनेट पुरवणारा, त्या पुरवठादाराचा बरोबरीचा शेजारी, प्रीफिक्सचा खरा मालक, आणि लांबून बघणारा निरीक्षक. सहावा कंटेनर आरपीकेआयची माहिती देणाऱ्या सर्व्हरचा. एएस नंबर खाजगी वापराचे घ्या, ६४५१२ ते ६५५३४ मधले. पत्ते उदाहरणांसाठी राखून ठेवलेले घ्या, जसे २०३.०.११३.०/२४. आणि हा प्रयोग कॅम्पसच्या चालू नेटवर्कला जोडू नका. पुन्हा सांगते, जोडू नका.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा कदाचित एकही मार्ग पलीकडे जाणार नाही. घाबरू नका. एफआरआरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत, दुसऱ्या एएसशी बोलताना पॉलिसी लिहिल्याशिवाय मार्ग द्यायचे-घ्यायचे नाहीत असा नियम मुळातच चालू असतो. तो नियमसुद्धा अशाच गळत्यांवरून शहाणपण घेऊन आलाय.

मग एकेक उपाय लावून बघा.

पहिला, प्रीफिक्सच्या संख्येवर मर्यादा. शेजारी एरवी शंभर मार्ग देतो, तर दीडशेला कुंपण घाला. ओलांडलं की सेशन बंद. गळती थांबते, पण त्याचबरोबर त्या शेजाऱ्याचे खरे शंभर मार्गही जातात. मर्यादा किती ठेवली तर नुकसान सर्वांत कमी? हा स्वतंत्र संशोधनप्रश्न होऊ शकतो.

दुसरा, आरपीकेआय. प्रीफिक्सचा मालक आधीच सही करून सांगून ठेवतो की हा पत्ता अमुक एएसनेच जाहीर करावा. राऊटर आलेला मार्ग त्याच्याशी ताडून वैध, अवैध किंवा माहिती नाही असा शिक्का मारतो. इथे बरेच जण फसतात: एफआरआरमध्ये शिक्का मारला म्हणजे अवैध मार्ग आपोआप नाकारला जात नाही. नाकारायचं असेल तर तसा रूट मॅप तुम्हालाच लिहावा लागतो. दोन्ही स्थिती चालवून बघा, फरक स्पष्ट दिसेल.

तिसरा, गळतीचा प्रकार बदला. आता चूक करणारा राऊटर मार्ग स्वतःचा म्हणून सांगत नाही, मूळ मालकाचं नाव तसंच ठेवून नको त्या शेजाऱ्याला पुढे पाठवतो. आरपीकेआयच्या दृष्टीने मूळ बरोबर आहे, म्हणून मार्ग वैध! इथे २०२२ च्या आरएफसी ९२३४ मधल्या बीजीपी रोल कामाला येतात. त्यात दोन्ही बाजू आपलं नातं आधी जाहीर करतात, ग्राहक, पुरवठादार की बरोबरीचा, आणि त्या नात्याला न शोभणारा मार्ग अडवला जातो. एफआरआर आणि बर्ड दोन्हींच्या नव्या आवृत्त्यांत हे आहे. म्हणजे नव्या स्टँडर्डवरचं काम तुम्ही कोल्हापुरात खोलीत बसून करू शकता.

आता आपला मूळ प्रश्न. ‘किती राऊटरांनी चुकीचा मार्ग स्वीकारला’ याचं उत्तर या प्रयोगातून विश्वासाने देता येतं, कारण ती पहिली रांग. ‘ट्रॅफिक तेरा पट झाल्यावर किती पॅकेट गळाली’ याचं उत्तर देता येत नाही, कारण ती तिसरी. घटना एकच, त्यातला एक प्रश्न तुमच्या आवाक्यातला आणि दुसरा बाहेरचा.

आकडे खोटे बोलतात त्या तीन जागा

पहिली जागा अंतराची. व्हीईथवरून पॅकेट मायक्रोसेकंदांत पोचतं. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण पाच मायक्रोसेकंद लागतात. कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर धरलं तर एका बाजूचे जवळजवळ १.९ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ३.८ च्या आसपास, आणि हे केवळ प्रकाशाच्या वेगामुळे. वाटेतली उपकरणं वेगळीच. म्हणून लिनक्सच्या नेटएम या सोयीने विलंब घाला. तो बाहेर जाणाऱ्या पॅकेटला लागतो, तेव्हा दोन्ही टोकांना घालायला विसरू नका.

दुसरी जागा लिंक तुटण्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. स्टँडच्या दारातला रस्ता कोरडाच होता. कुणी फोन केला नसता तर कंट्रोलरला कळलं नसतं. नेटवर्कमध्येही असंच होतं: मधलं उपकरण बिघडतं, पण तुमच्या राऊटरच्या पोर्टवरचा दिवा हिरवाच राहतो.

कंटेनरमध्ये मात्र व्हीईथचं एक टोक बंद केलं की दुसऱ्या टोकाला तत्काळ कळतं. त्यामुळे बीजीपी काही मिलिसेकंदांत सावरल्यासारखं दिसतं. तोच प्रयोग लिंक चालू ठेवून, नेटएमने शंभर टक्के पॅकेट गाळून करा. एफआरआरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये कीपअलाइव्ह ६० सेकंद, होल्ड टाइम १८० सेकंद. शेजारी गेला हे कळायलाच दोन ते तीन मिनिटं जातात. बीएफडी लावलं तर ३०० मिलिसेकंदांचे तीन ठोके चुकले की कळतं, म्हणजे एका सेकंदाच्या आत. प्रोटोकॉल तोच, सॉफ्टवेअर तेच, आणि उत्तरं तीन: मिलिसेकंद, सेकंद, मिनिटं. तुम्ही लिंक कशी तोडली हे न लिहिता ‘कन्व्हर्जन्स टाइम’ लिहिला तर त्या आकड्याला काही किंमत नाही. बीएफडी वापरताना आणखी एक काळजी: लॅपटॉपवर पन्नास कंटेनर एकमेकांशी प्रोसेसरसाठी भांडत असतील तर ठोके उगाच चुकतात आणि लिंक चांगली असून तुटल्यासारखी दिसते.

तिसरी जागा ट्रॅफिक वाटण्याची. दोन समान मार्ग कर्नलमध्ये बसलेत, दोन्हींवर ‘*’ आहे, पण सगळा ट्रॅफिक एकाच लिंकवरून जातोय. सॉफ्टवेअरमध्ये बग आहे असं वाटेल. खरं कारण साधं आहे: लिनक्स मुळात फक्त पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता बघून मार्ग निवडतो. तुमच्या प्रयोगात पाठवणारा एक आणि घेणारा एक असेल तर निवड कायम तीच येणार. पोर्ट नंबरही बघावेत अशी कर्नलची सेटिंग बदलली आणि एकापेक्षा जास्त कनेक्शन चालवली की वाटणी दिसू लागते.

मेथडॉलॉजीत काय लिहायचं?

कंटेनरवरचे प्रयोग कमी दर्जाचे असतात असा समज करून घेऊ नका. स्टॅनफर्डच्या गटाने मिनिनेट या साधनावर २०१० मध्ये आणि मग २०१२ मध्ये पेपर लिहिले. २०१२ च्या पेपरचा विषयच कंटेनर वापरून प्रयोग पुन्हा करून दाखवता येतील असे कसे करायचे हा आहे. प्रयोग चालू असताना यंत्रावर ताण येऊन आकडे बिघडले का, हे तपासत राहण्यावर त्यांचा भर आहे. पेट देण्याआधी तो पेपर जरूर वाचा.

तुमच्या प्रकरणात निदान एवढं असू द्या: राउटिंग सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, कर्नलची आवृत्ती, लोड केलेली मोड्यूल्स, बदललेल्या कर्नल सेटिंग्ज, प्रत्येक लिंकवर घातलेला विलंब आणि वेगमर्यादा, सगळे टायमर, लिंक तोडण्याची पद्धत, आणि प्रयोगाच्या वेळचा प्रोसेसरवरचा भार. इमेजचं नाव देताना ‘लेटेस्ट’ लिहू नका. आजचं लेटेस्ट पुढच्या वर्षी वेगळं असेल आणि तुमचा प्रयोग तुम्हालाच पुन्हा करता येणार नाही.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एक कागद घ्या, तीन रकाने पाडा आणि तुम्हाला लागणारं प्रत्येक फीचर त्यात टाका. मग तुमचं मुख्य मोजमाप कोणत्या रकान्यात पडतं ते बघा. पहिल्या रकान्यात पडलं तर निर्धास्त पुढे जा. दुसऱ्यात पडलं तर कर्नल समजून घेण्यासाठी दोन-तीन महिने वेगळे काढा. तिसऱ्यात पडलं तर एकतर प्रश्न बदला, नाहीतर हार्डवेअर कुठे मिळेल ते आधी नक्की करा आणि मगच आरआरसीसमोर जा. हा कागद गाईडनाही दाखवा. तिथे बसणारे कुणी ना कुणी “हे लॅपटॉपवर कसं काय मोजणार?” असं विचारतीलच, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे रकान्यासकट तयार असेल.

पुढच्या लेखात हेच सहा कंटेनर वायएएमएल फाइलपासून एकेक पायरीने उभे करू. तोवर एफआरआरचे दोन कंटेनर जोडून बीजीपी चालू करा आणि टेबलातल्या ‘>’ आणि ‘*’ या दोन खुणा ओळखायला शिका.